अटाल्यात देण्याआधी : जुन्या कॉम्प्युटरबद्दल वाचकांची पत्रं

मागच्या अंकात शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या, की कुणाच्या घरी गेल्या शतकातला कॉम्प्युटर अजून शाबूत असेल तर कळवा. मला वाटलं तीन-चार पत्रं येतील. आली त्याच्या कितीतरी जास्त. त्यातली पाच इथे घेतली आहेत, बाकीच्यांशी फोनवर बोललो.

आपल्या इंदूरची एक वेगळीच अडचण आहे. नको असलेल्या वस्तूला इथे ‘अटाला’ म्हणायचं आणि अटाला घरात ठेवायचा नाही, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ झालंय. सकाळी गाणं वाजवत कचरागाडी दारात उभी, आणि तिला इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा कप्पासुद्धा वेगळा. माझ्या ओळखीतल्या एकांचा जुना ‘४८६’ कॉम्प्युटर, ते फिरायला गेले असताना, असाच गेला. तेव्हा आधी घरच्यांना बजावून ठेवा, मग पुढचं वाचा.

प्रश्न : माझे सासरे १९९७ पासून घरीच डीटीपीची कामं करायचे. लग्नामुंजीच्या पत्रिका, गणेशोत्सवाची स्मरणिका, कुणाचा कवितासंग्रह. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. कॉम्प्युटर अजून चालतो. पेंटियम आहे, ३२ एमबी रॅम, विंडोज ९५, पेजमेकर आणि मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरसाठी मागच्या बाजूला एक डबीसारखं लॉक लावावं लागतं. सुरू व्हायला सात-आठ मिनिटं घेतो आणि हल्ली आतून ‘टक टक’ आवाज येतो. मुलगा म्हणतो, नवीन लॅपटॉप घे. पण अण्णांची सगळी पानं यातच आहेत. याला जरा वेगवान करता येईल का?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : ताई, फोनवर तुम्हाला पहिलं वाक्य जे बोललो तेच इतरांसाठी लिहितो. टक टक ऐकू आली की कॉम्प्युटर बंद करायचा आणि परत लावायचा नाही. ‘एकदाच बघू’ म्हणूनसुद्धा नाही. डिस्कच्या आतला हात वाचायला जातो, वाचता येत नाही, मूळ जागी परततो, पुन्हा जातो, त्याचा तो आवाज. प्रत्येक वेळी लावताना तुम्ही थोडी थोडी डिस्क खर्च करत असता.

रामबाग मला लांब नाही, म्हणून रविवारी आलो. पोहे झाले आणि कॅबिनेट उघडला. एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, लेबलवर बॉलपेनने लिहिलेलं, ‘सेल १४-८-०२’. त्याखाली ‘रॅम रबर केली, ६-७-०५’. रॅमचे पाय खोडरबरने पुसायचे हा आपल्याकडचा जुना उपाय, अण्णांनाही तो ठाऊक होता. अक्षरांची जुळणी करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं स्वतःचं हस्ताक्षर इतकं तिरकं असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

बरेच दिवस बंद असलेला कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावू नये. मी माझा सिरीज बल्ब घेऊन आलो होतो. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच, शंभर वॅटचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भक्कन पेटून तसाच राहिला तर एसएमपीएसमध्ये शॉर्ट आहे. तुमचा मंद झाला. मग एक निकामी डिस्क नुसता भार म्हणून लावून मल्टिमीटर धरला. पाचाच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि बाराच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, एवढ्यात आकडा आला की पुढे जायचं. तुमच्याकडे ५.०८ आणि ११.९ आले. तीस वर्षांच्या वस्तूला अजून काय हवं?

इथे इतर वाचकांसाठी दोन धोके. हा जुन्या ‘एटी’ पद्धतीचा कॅबिनेट आहे. यात पुढच्या बटणापर्यंत घरातली २३० व्होल्टची वीज थेट येते. नव्या कॉम्प्युटरचं बटण नुसता इशारा देतं, हे बटण खरोखरीचा स्विच आहे. त्यामुळे बटण बंद असलं तरी प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नका. एसएमपीएसचा डबा तर उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बराच वेळ मुक्कामाला असतात.

दुसरा धोका मदरबोर्डाला जाणाऱ्या जोडकनेक्टरांचा. पी ८ आणि पी ९ अशी त्यांची नावं, दिसायला जुळे भाऊ. दोन्हीच्या काळ्या तारा मधे, एकमेकींना खेटून यायला हव्यात. उलटे लागले तर बोर्ड गेलाच. १९९६ साली दिवे गेलेले असताना मेणबत्तीच्या उजेडात मी ते उलटे लावले होते. दिवे आले आणि ग्राहकाचा नवाकोरा बोर्ड माझ्या डोळ्यांदेखत धुरात गेला. भरपाई द्यायला मला पाच महिने लागले. तेव्हापासून कनेक्टर हातात घेतला की तोंडाने ‘काळ्याला काळी’ म्हणतो. माझी नातवंडं हसतात.

आता डिस्क. ती बाहेर काढली आणि यूएसबी अडॅप्टरने तुमच्या मुलाच्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर सुरू केला होता, कारण विंडोज अशा डिस्कला लगेच ‘दुरुस्त करू का?’ विचारतं आणि आपण झोपेत ‘हो’ म्हणतो. डीडीरेस्क्यू नावाचं साधन आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलतं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. एकाच ठिकाणी हट्टाने घासत बसत नाही, म्हणून मला ते आवडतं. २.१ जीबीला तीन तास लागले. ४१ सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे) आलेच नाहीत, म्हणजे सुमारे एकवीस हजार बाइट. त्यातले बहुतेक विंडोजच्या मदतीच्या फायलींमधले निघाले, जी मदत अण्णांनी कधी घेतली असेल असं वाटत नाही.

जुन्या डिस्कच्या जागी दुसरी जुनी डिस्क बसवायची नाही, ती पण म्हातारीच. मी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवलं, जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत असायचं ते. या कार्डाची गंमत अशी, की त्याला डिस्कची आयडीई भाषा जन्मतःच येते. मधला अडॅप्टर बिनडोक असतो, नुसत्या पिना इकडच्या तिकडे करतो. ४ जीबीचं इंडस्ट्रियल प्रतीचं कार्ड घेतलं. आवाज नाही, उष्णता नाही. आणि मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो हा, की कॉम्प्युटर बंद करून कार्ड काढलं की ते कॉम्पॅक्टफ्लॅशची खाच असलेल्या कार्ड रीडरमध्ये वाचता येतं. फ्लॉप्यांची वारी संपली.

कार्ड मोठं घ्यायचा मोह मात्र आवरा. त्या काळच्या बायोसना (बायोस म्हणजे कॉम्प्युटर लावल्यावर सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरचाच प्रोग्रॅम) डिस्क किती मोठी असू शकते याची फार कल्पना नव्हती. आधी ५०४ एमबीला अडायचे, मग २.१ जीबीला, मग ८.४ जीबीला, मग साधारण ३२ जीबीला. त्यात विंडोज ९५ ची आवृत्ती बघावी लागते. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ४.००.९५० च्या पुढे ‘बी’ किंवा ‘सी’ असेल तर फॅट ३२ (डिस्कवर फायली मांडायची नवी पद्धत) चालतं. नुसतं ९५० किंवा ‘ए’ असेल तर एक पार्टिशन २ जीबीच्या वर नेता येत नाही. अण्णांची ‘बी’ निघाली.

मुलाने विचारलं, डिस्कची उतरवलेली प्रत जशीच्या तशी कार्डावर का नाही टाकायची? टाकून बघितली, सुरू झालं नाही. बायोस डिस्कच्या आकारावरून तिचे ‘हेड’ किती ते ठरवतो. २ जीबीच्या डिस्कला त्याचा एक हिशोब, ४ जीबीच्या कार्डाला दुसरा, आणि जुन्या प्रतीत जुनाच हिशोब कोरलेला. म्हणून सरळ मार्ग धरला. विंडोज ९५ च्या बूट फ्लॉपीवरून कार्डाचं पार्टिशन केलं, ते ‘ॲक्टिव्ह’ केलं (हे विसरणारे फार, मीसुद्धा), सिस्टिमसह फॉरमॅट केलं आणि मग लॅपटॉपवर सगळ्या फायली, लपवलेल्यासुद्धा, त्यावर ओढल्या. पहिल्या फटक्यात निळं आकाश आणि ढग आले.

पण सुरू व्हायला अजूनही चार मिनिटं! इथे मी चहा मागितला, आठवत असेल.

रॅमच्या चार खाचांपैकी दोन भरलेल्या होत्या. माझ्या डब्यात ७२ पिनांच्या १६ एमबीच्या दोन पट्ट्या होत्या, त्या लावून एकूण ६४ एमबी केली. पेंटियममध्ये या पट्ट्या जोडीनेच लावाव्या लागतात. प्रोसेसर एका वेळी ६४ बिट मागतो आणि पट्टी ३२ देते, त्यामुळे एकटी लावली तर स्क्रीन काळी. तुमच्या मुलाला १२८ पर्यंत जायचं होतं. मी नाही म्हटलं, त्याला कंजूसपणा वाटला असेल. पण तुमच्या बोर्डावर इंटेलचा ४३० टीएक्स चिपसेट आहे. त्याची वेगवान कॅश (वारंवार लागणारं हाताशी ठेवणारी छोटी मेमरी) फक्त पहिल्या ६४ एमबीची काळजी घेते आणि विंडोज ९५ मेमरी भरायला वरच्या टोकापासून सुरुवात करतं. रॅम वाढवून कॉम्प्युटर हळू झालेला ज्याला बघायचा असेल त्याने या बोर्डावर १२८ लावून बघावी.

तरी अडीच मिनिटं. मग फॉन्टचं फोल्डर उघडलं. ७१२ फॉन्ट! अण्णांनी जो मिळेल तो फॉन्ट घातलेला. विंडोज ९५ ला हजाराच्या आसपास मर्यादाच आहे आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून ते रडायला लागतं. पानं उघडून बघितलं तर अण्णांनी मनापासून वापरलेले फॉन्ट अकरा. ते अकरा, पत्रिकांचे म्हणून पंधरा-वीस आणि विंडोजचे स्वतःचे ठेवले. बाकीचे दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले, पुसले नाहीत. आता घड्याळ लावून एक मिनिट दहा सेकंद. या सगळ्या उद्योगात सगळ्यात मोठा फरक ज्याने पडला त्याला एक पैसा लागला नाही.

ते मागचं डबीसारखं लॉक, त्याला धंद्यात डोंगल म्हणायचे. प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लावायचं आणि त्याच्या पाठीवर प्रिंटर. सॉफ्टवेअर अधूनमधून पोर्टावर हाक मारतं, डोंगलने ओ दिली तरच चालतं. कॉम्प्युटर सुरू असताना ते काढू-घालू नका. बायोसमध्ये प्रिंटर पोर्टची जी पद्धत आहे तिला हात लावू नका. आणि बाजारात यूएसबी ते प्रिंटर पोर्ट अशी केबल मिळते, तिच्यावर डोंगल चालेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ती केबल फक्त प्रिंटरची भाषा बोलते. डोंगलला ३७८ या पत्त्यावरचं खरं पोर्ट लागतं. म्हणजे हा मदरबोर्ड आणि ही डबी, दोघांचा संसार एकत्रच आहे.

पानं बाहेर कशी काढायची तेही करून दाखवलं. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर घालायचा, छपाई प्रिंटरवर न करता फाइलमध्ये करायची, ती फाइल कार्डावरून लॅपटॉपवर नेऊन घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रॅमने तिची पीडीएफ करायची. अक्षरं अण्णांनी बसवली तश्शीच येतात. त्यात शब्द शोधता येत नाहीत, कारण आत ‘क’ च्या जागी कुठल्या तरी इंग्रजी अक्षराचा क्रमांक बसलेला आहे. निव्वळ मजकूर हवा असेल तर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांनी तपासावी लागतात.

एवढं झाल्यावर तुम्ही विचारलंत, मग आता हा ठेवायचा कशाला? पीडीएफ तर झाल्या. त्या वेळी १९९९ ची स्मरणिका उघडी होती. पेजमेकरमध्ये पानाच्या बाहेर मोकळी जागा असते, टेबलासारखी. तिथे अण्णांनी चौकटीत लिहून ठेवलं होतं, ‘पान १४ जाहिरात — पैसे आले नाहीत, छापू नये’. त्याच्या शेजारी तुमच्या लग्नपत्रिकेचा एक अर्धवट मसुदा पडलेला, तुमचं माहेरचं नाव आधी चुकवलेलं आणि मग दुरुस्त केलेलं. पीडीएफमध्ये फक्त पान उतरतं. पानाबाहेरचा हा पसारा बघायचा तर पेजमेकर लागणार, पेजमेकरला ते मराठी सॉफ्टवेअर, त्याला डबी आणि डबीला हा बोर्ड.

मुलाच्या यादीतली शेवटची गोष्ट नवा प्रोसेसर. एएमडीचा के ६-२ या सॉकेटमध्ये बसतो, पण त्याला २.२ व्होल्ट लागतात आणि तुमच्या पेंटियम एमएमएक्सला २.८, बोर्डावर २.२ निवडायचा जंपर (छोटी जोडपिन) नसेल तर चिप भाजते. शिवाय ३५० मेगाहर्ट्झ आणि वरच्या के ६-२ वर विंडोज ९५ चालू होतानाच कोलमडतं, त्याला वेगळी दुरुस्ती घालावी लागते. पत्रिका जुळवायला १६६ मेगाहर्ट्झ पुष्कळ आहेत.

प्रश्न : काका, लोहामंडीतून ७०० रुपयांत पेंटियम थ्री ४५० उचलला आहे. बोर्ड ४४० बीएक्स. त्यावर विंडोज ९८ आणि जुने गेम चालवायचे आहेत. २५६ एमबीची रॅम घेतली तर १२८ च दाखवते. ५०० जीबीची एसएसडी अडॅप्टरने लावली तर बायोस डिस्क शोधतानाच लटकतो. दुकानदार म्हणतो बोर्ड खराब आहे. एसएमपीएस नवीन टाकू का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, भंवरकुवा

उत्तर : अरे भिया, बोर्ड ठणठणीत आहे. दुकानदाराचा जन्म त्या बोर्डानंतरचा असेल.

रॅमवरच्या काळ्या चिपा मोज. आठच आहेत ना? प्रत्येक चिप २५६ मेगाबिटची आहे आणि बीएक्सला १२८ मेगाबिटच्या पुढचं मोजता येत नाही, म्हणून तो निम्मीच बघतो. दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशी सोळा चिपांची २५६ ची पट्टी शोध. सिल्व्हर मॉलमध्ये नव्या दुकानांत विचारून उपयोग नाही, रिपेअरिंगवाल्यांचे जुने डबे धुंडाळ. ५१२ एमबीच्या वर जाऊ नकोस. विंडोज ९८ ची व्हीकॅश (डिस्कवरचं वाचलेलं मेमरीत धरून ठेवणारी सोय) तिथून पुढे गोंधळते. सिस्टिम डॉट आयएनआय फायलीत मॅक्सफाइलकॅशची मर्यादा घालून सावरता येतं, पण तुझ्या गेमना २५६ च भरपूर.

एसएसडीबद्दल दोन गोष्टी, आणि दुसरी पहिलीपेक्षा वाईट. पहिली, १९९८-९९ चे पुष्कळ बायोस ३२ जीबीच्या पुढची डिस्क दिसली की लटकतात. नवा बायोस मिळाला तर तो घाल, नाहीतर स्वतःचा बायोस असलेलं, डिस्क जोडायचं पीसीआय कार्ड लाव. दुसरी, विंडोज ९८ चा स्वतःचा डिस्क ड्रायव्हर १३७ जीबीपर्यंतच मोजतो. त्याच्या पुढे लिहायला गेलं की तक्रार न करता फिरून सुरुवातीला येतो आणि तिथलं खोडून त्यावर लिहितो. एके दिवशी सगळं गायब. १६ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लाव आणि ती एसएसडी लॅपटॉपला घाल, तिचं भलं होईल.

एसएमपीएस बदलायला हरकत नाही, पण वॅटचा मोठा आकडा बघून फसू नकोस. तुझा बोर्ड पाच व्होल्टवर जगतो आणि आजचे एसएमपीएस सगळा जोर बारा व्होल्टवर लावतात. लेबलवर पाचाच्या रकान्यात २० ॲम्पियरच्या वर आहे का बघ. २० पिनांच्या कनेक्टरमध्ये पांढरी तार आहे का तेही बघ. ती उणे पाच व्होल्टची, २००३ च्या सुमारास नव्या मानकातून ती काढून टाकली, आणि काही जुन्या आयएसए साउंड कार्डांना ती लागते.

साउंड कार्डावरून आठवलं. पैसे एकाच ठिकाणी खर्च करायचे असतील तर तिथे कर. तुझ्या बोर्डावर आयएसएची लांब काळी खाच बहुतेक असेल. साउंड ब्लास्टर १६ मिळालं तर सोडू नकोस, आणि त्यावर यामाहाची ओपीएल ३ ही संगीत वाजवणारी चिप असेल तर दोन चहा जास्त पाज दुकानदाराला. डॉसचे गेम पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १ एवढंच विचारतात. पहिल्यांदा तो आवाज ऐकशील तेव्हा रात्री मला फोन केलास तरी चालेल. अकराच्या आत.

प्रश्न : माझ्याकडे ४८६ वर डॉसमधला कुंडलीचा प्रोग्रॅम आहे. रोज सकाळी तारीख १ जानेवारी १९८० होते. १९९५ साली जन्मलेल्या जातकाचं वय उणे पंधरा येतं. उपाय सांगावा.
— एक ज्योतिषी, जुनी इंदूर

उत्तर : गुरुजी, हा ग्रहांचा दोष नव्हे, सेलचा. डॉसचं कॅलेंडर १ जानेवारी १९८० लाच सुरू होतं. घड्याळाचा सेल संपला की कॉम्प्युटर बापडा कालगणनेच्या आरंभाला जातो.

पण आज संध्याकाळीच कॅबिनेट उघडून बघा. ४८६ च्या बोर्डावर बहुधा निळ्या आवरणाचा, पिंपासारखा निकेल-कॅडमियमचा ३.६ व्होल्टचा सेल सोल्डर केलेला असतो. तो नुसता संपत नाही, गळतो. आजूबाजूला हिरवट-निळसर पूड दिसली, जवळच्या चिपांचे पाय काळवंडलेले असले, तर सेल आधी कापून काढा. गळलेला पदार्थ अल्कली असतो, त्यामुळे पांढरं व्हिनेगर कापसाच्या बोळ्याला लावून पुसायचं. थोडी फसफस होईल, होऊ द्या. नंतर ऊर्ध्वपातित पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि एक दिवस पंख्याखाली. बारीक तांब्याच्या रेषा तुटल्या असतील तर त्या भिंगातून बघून तारेने जोडाव्या लागतात, त्याला माझ्याकडे घेऊन या.

नवीन सेल म्हणून घड्याळातला चपटा सीआर २०३२ सरळ सोल्डर करू नका. जुना सेल चार्ज होणारा होता, बोर्ड त्याला वीज देत असे. हा चार्ज करायचा नसतो. मधे एक डायोड लागतोच. त्याहून सोपं म्हणजे बाहेरच्या बॅटरीच्या चार पिना बोर्डावर असतील तर पेन्सिल सेलचा तिघांचा डबा तिथे जोडावा आणि डबा बोर्डापासून लांब, कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटवावा. पुढच्या वेळी गळला तरी डब्यातच गळेल.

प्रश्न : कॅबिनेट आणि कीबोर्ड पिवळे पडलेत. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरे होतात म्हणे. करू का?
— लोकमान्यनगर

उत्तर : होतात. त्या प्लॅस्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीनची संयुगं घातलेली असायची, ती उन्हाने पिवळी पडतात. पेरॉक्साइडने रंग परततो, काही वर्षांनी पुन्हा जातो, आणि लेप सारखा नाही बसला तर ढगाळ चट्टे पडतात ते कायमचे. मे महिन्यातलं माळव्याचं ऊन तर अर्ध्या दुपारीच काम बिघडवतं. मी करत नाही. साबणाचं पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश, बस्स. हां, आतून मात्र साफ करा. राजवाड्याजवळच्या एका दुकानातला कॅबिनेट उघडला होता तेव्हा पंख्याच्या पात्यांवर गुलाबी थर निघाला. आधी मला गंजाचा नवा प्रकार वाटला. रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, गुलाल होता, बहुधा तीन-चार वर्षांचा.

प्रश्न : जुन्या एटी कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड बसवून बाहेरून १९९४ आणि आतून नवा असा कॉम्प्युटर करायचा आहे.
— विजयनगर

उत्तर : हौस आहे तर करा. पण कॅबिनेटच्या आतला माल जिवंत असेल तर आधी तो कुणाला तरी द्या, मीसुद्धा चालेन. भोकं पाडायची नाहीत, पत्रा कापायचा नाही. आतल्या पत्र्यावर आहे त्याच भोकांत एक वेगळी प्लेट बसवा आणि छोटा मिनी-आयटीएक्स बोर्ड तिच्यावर घ्या. मागे जुन्या कॅबिनेटला पोर्टांसाठी आयताकृती खिडकी नसते. केबल कार्डांच्या रिकाम्या खाचांतून बाहेर काढा. पुढचं बटण २३० व्होल्टचं आहे हे वर लिहिलंय. त्याच्या तारा पूर्ण सोडवा आणि नव्या बोर्डाला वेगळं, दाबलं की परत वर येणारं बटण जोडा. जुनं बटण दाबलं की दाबलेलंच राहतं, आणि नवा बोर्ड चार सेकंदांनी बंद होतो. मग लोक मला फोन करतात की बोर्ड खराब आहे.

मागच्या अंकातली चूक : डिस्कच्या पट्ट्याबद्दल लिहिताना मी ४० तारांचा आणि ८० तारांचा पट्टा सारखेच आहेत, कुठलाही लावा, असं लिहून बसलो. राजेंद्रनगरच्या एका वाचकांनी पोस्टकार्डावर कान उपटले. कनेक्टर दोन्हींचे ४० पिनांचेच, पण वेग सेकंदाला ३३ एमबीच्या वर, म्हणजे ६६ किंवा १०० वर न्यायचा तर ८० तारांचाच पट्टा लागतो; मधल्या जास्तीच्या तारा एका तारेचा आवाज दुसरीला ऐकू जाऊ देत नाहीत. त्याचं निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला (पहिल्या डिस्कला), मधलं करडं स्लेव्हला (दुसरीला). पोस्टकार्ड लिहिणाऱ्यांनी पत्ता घातलेला नाही. त्यांच्याकडे फ्लॉपीचा पिळाचा पट्टा जास्तीचा असेल तर मला एक हवा आहे.